‘पेट्रोलियम’ शब्दाचा अर्थ आणि त्याचा बोध

गेल्या वर्षीं सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासतांना माझ्या हातून एक चूक घडली. चूक दिसावयास लहान होती. परंतु तिनें मला जें शिकविलें तें लहान नाहीं, म्हणून ती ह्या वार्षिकाच्या वाचकांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे. प्रश्न साधा होता : “पेट्रोलियम ह्या शब्दाचा अर्थ लिहा.” बहुतेक मुलांनीं पाठ्यपुस्तकांतील वाक्यें जशींच्या तशीं उतरविलीं होतीं. भूगर्भांत सांपडणारें, काळसर, ज्वालाग्राही, अमुक अमुक कामीं उपयोगी पडणारें द्रव्य, असें तें वर्णन होतें. त्यांना मीं पुरे गुण दिले. एका मुलानें मात्र एकच शब्द लिहिला होता : “रॉकेल”. त्यावर मीं लाल शाईची रेघ ओढली आणि पुढें शून्य मांडलें.

उत्तरपत्रिका परत दिल्या त्या दिवशीं तो मुलगा उभा राहून नम्रपणें म्हणाला, “सर, रॉकेल जमिनींतूनच निघतें ना? आमची आजी तसेंच सांगते.” मीं म्हटलें, “आजीचे शब्द घरीं ठेवावे. परीक्षेंत शास्त्रीय शब्द लिहावा.” वर्ग हंसला. मुलगा मुकाट्यानें खालीं बसला. त्या हंसण्याला तोंड मींच फोडलें होतें, हें लिहितांना मला आज संकोच वाटतो.

त्या रात्रीं दुसऱ्याच एका शब्दासाठीं मीं मराठी शब्दकोश उघडला असतां सहज ‘रॉकेल’ ह्या शब्दावर दृष्टि गेली. त्यापुढें व्युत्पत्ति दिलेली होती : इंग्रजी ‘रॉक ऑइल’. रॉक म्हणजे खडक व ऑइल म्हणजे तेल. आणि पेट्रोलियम म्हणजे काय? लॅटिन भाषेंत ‘पेत्रा’ म्हणजे खडक व ‘ओलियम’ म्हणजे तेल. एक शब्द दुसऱ्याचें शब्दशः भाषांतर आहे! मीं प्रश्न विचारला होता तो शब्दाच्या अर्थाचा. ज्यांना पुरे गुण मिळाले त्यांनीं वस्तूचें वर्णन केलें होतें. शब्दाचा अर्थ त्या एकट्या मुलानेंच लिहिला होता, आणि शून्य मिळालें तें त्यालाच. त्याला ही व्युत्पत्ति ठाऊक होती असें नाहीं. परंतु ती ठाऊक असणें हें त्याचें काम नव्हतें, माझें होतें.

येथें एक खुलासा केला पाहिजे, नाहीं तर माझे विज्ञानशिक्षक मित्र मला दोष देतील. आजच्या व्यवहारांत रॉकेल आणि पेट्रोलियम ह्या दोन वस्तु एकच नव्हेत. भूगर्भांतून निघालेलें कच्चें तेल तापवून त्याचे निरनिराळे भाग वेगळे करतात. त्यांत प्रथम हलके वायु, मग पेट्रोल, मग रॉकेल, मग डीझेल, मग यंत्रांना घालावयाचीं जड तेलें, आणि सर्वांच्या तळाशीं डांबर राहतें. तेव्हां रॉकेल हा त्या मोठ्या कुटुंबांतील एक मुलगा आहे. परंतु कुटुंबाचें आडनांव मराठींत त्या एका मुलालाच मिळालें, कारण आपल्या घरांत दिवा लावावयास प्रथम तोच आला.

आतां ह्या आडनांवाचें मूळ पाहूं. ‘पेत्रा’ हा शब्द लॅटिननें ग्रीक भाषेकडून घेतला. आपल्या शाळेंतील मुलांच्या कानांवरून तो दुसऱ्या वाटेनें गेलेला आहे. शिमोन नांवाच्या कोळ्याला प्रभु येशूनें जें नवें नांव दिलें तें अरामी भाषेंत ‘केफा’ व ग्रीक भाषेंत ‘पेत्रस’. दोहोंचाही अर्थ खडक. आपण त्यालाच पेत्र म्हणतों. जॉर्डन देशांत डोंगराच्या तांबूस खडकांत कोरून काढलेलें प्राचीन नगर आहे, त्याचें नांव ‘पेत्रा’ तें ह्याच कारणानें. उपासनेंत ऐकूं येणारें प्रेषिताचें नांव आणि रस्त्यावरील पेट्रोलपंपाची पाटी हीं दोन्हीं एकाच खडकांतून निघालेलीं आहेत, हें किती मुलांच्या ध्यानांत येत असेल?

दुसरा भाग ‘ओलियम’. हाही ग्रीक भाषेंतूनच लॅटिनमध्यें आला, आणि त्याचा मूळ अर्थ कोणतेंही तेल असा नसून जैतुनाच्या फळाचें तेल असा आहे. भूमध्य समुद्राच्या कांठच्या लोकांचें खाणें, दिवा, औषध, अभिषेक, सारें कांहीं जैतुनाच्या तेलावर चाले. त्यामुळें तेल म्हणजे जैतुनाचें, हें त्यांना सांगावें लागत नसे. पुढें शब्द सैल झाला व कोणत्याही तेलाला लागूं लागला. इंग्रजी ‘ऑइल’ हा त्याचाच वंशज होय. आपल्याकडेही हुबेहूब असेंच घडलें आहे. ‘तेल’ हें संस्कृत ‘तैल’ शब्दापासून आलें, आणि ‘तैल’ म्हणजे तिळांपासून निघालेलें. आज आपण करडईचें तेल, सरकीचें तेल, इतकेंच काय पण तिळाचें तेल असेंही म्हणतों आणि त्यांत कांहीं विसंगति आहे असें आपल्याला वाटत नाहीं. तेव्हां नीट उकलून पाहिलें तर ‘पेट्रोलियम’ म्हणजे खडकाच्या जैतुनाचा रस, आणि ‘खनिज तेल’ म्हणजे खाणींतील तिळांचा रस! अनोळखी वस्तु समोर आली कीं माणूस तिला आपल्या स्वयंपाकघरांतलें नांव देतो.

‘पेट्रोलियम’ हा जोडशब्द कोणीं प्रथम उच्चारला हें सांगतां येत नाहीं. इसवी सनाचें पहिलें सहस्रक संपण्याच्या सुमारास दक्षिण इटलींतील ख्रिस्ती मठांतून तो वापरांत होता. जुन्या ‘नाफ्था’ शब्दाच्या जागीं तेथील लोक तो योजीत. पुष्कळ ठिकाणीं असें वाचावयास मिळतें कीं, गेओर्गियुस आग्रिकोला ह्या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें १५४६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हा शब्द घडविला. त्यानें तो वापरला व विद्वानांत रूढ केला, हें खरें. घडविला मात्र नाहीं. ह्या गृहस्थाचें खरें नांव गेओर्ग बाउअर असें होतें. जर्मन भाषेंत बाउअर म्हणजे शेतकरी, आणि लॅटिन भाषेंत आग्रिकोला म्हणजेही शेतकरी. आपल्या आडनांवाचेंही भाषांतर करून घेणाऱ्या ह्या माणसाला शब्दांची पारख असावी ह्यांत नवल नाहीं.

शब्दापेक्षां वस्तु अर्थातच फार जुनी. नोहाच्या तारवाला, बाबेलच्या बुरुजाला आणि बाळ मोशेच्या पेटीला लावलेल्या डांबराची कथा मुलांनीं रविवारच्या शाळेंत ऐकली आहे. तें डांबर म्हणजे जमिनींतून आपोआप पाझरून वर आलेलें व घट्ट झालेलें पेट्रोलियमच. बाबेलच्या भिंतींसाठीं तें कोठून आणीत हें हेरोडोटस ह्या ग्रीक इतिहासकारानें नमूद करून ठेविलें आहे. त्या भागांतील लोक पातळ तेलाला जें म्हणत त्यावरूनच ‘नाफ्था’ हा शब्द ग्रीकांपर्यंत पोहोंचला, आणि अरबी भाषेंत तो ‘नफ्त’ म्हणून अजून नांदतो. कास्पियन समुद्राच्या कांठीं बाकू शहराजवळ भूगर्भांतील वायु आपोआप जळत असे. तेथें आतेशगाह नांवाचें अग्निमंदिर आहे, व त्याच्या भिंतींवर सतराव्या-अठराव्या शतकांत तिकडे व्यापारास गेलेल्या भारतीय लोकांनीं बसविलेले देवनागरी व गुरुमुखी शिलालेख आजही वाचावयास मिळतात. आपली लिपि त्या ज्वालेपर्यंत जाऊन पोहोंचली होती. आपला शब्द मात्र तयार झाला नाहीं. त्याला पुढें रॉकेलच्या डब्यांची वाट पाहावी लागली.

निरनिराळ्या देशांनीं ह्या एका वस्तूला दिलेलीं नांवें जुळवून पाहावीं. जर्मन लोक ‘एर्डओल’ म्हणतात, म्हणजे भूमितेल. हिंदी भाषेंत रॉकेलला ‘मिट्टी का तेल’ म्हणतात. म्यानमारी भाषेंतील नांवाचा अर्थ ‘वासाचें पाणी’ असा आहे. त्या लोकांनीं डोळ्यापेक्षां नाकावर अधिक भरंवसा ठेविला. चिनी लोक ‘शि-यू’ म्हणतात, म्हणजे दगडाचें तेल, आणि युरोपाशीं कोणताही संबंध नसतां त्यांनीं अगदीं तेंच नांव योजिलें. शेन कुओ नांवाच्या चिनी पंडितानें अकराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत हें नांव वापरलें आहे. त्यानें ह्या तेलाची काजळी धरून तिची उत्तम शाई बनविली होती. ही वस्तु पुढें जगांत फार चालेल असेंही त्यानें भाकित केलें, व तें तंतोतंत खरें ठरलें.

परंतु त्याच ठिकाणीं ह्या थोर पुरुषानें एक मोठी चूक केली. शाईच्या काजळीसाठीं लोक पाइनचीं झाडें तोडून संपवीत होते. त्यावर त्याचें म्हणणें असें कीं, झाडें संपतात, पण दगडाचें तेल भूमींत उत्पन्न होत राहतें व तें अमर्याद आहे. खरी गोष्ट नेमकी उलट आहे. झाड पुन्हां उगवतें. खडकांतील तेल पुन्हां भरत नाहीं. नऊशें वर्षांपूर्वीची ही चूक म्हणून आपण हंसून पुढें जाऊं शकलों असतों. पण माझें मत असें आहे कीं, आपण सर्वजण तीच चूक रोज करीत आहों, आणि तिला थोडासा हातभार ह्या वस्तूच्या नांवानें लाविला आहे.

तें कसें हें सांगतों. ‘पेट्रोलियम’ ह्या जोडशब्दाचा पहिला अर्धा भाग खरें बोलतो, दुसरा अर्धा भाग आपल्याला गाफील ठेवतो. ‘पेत्रा’ म्हणतो, हें खडकांत आहे. आणि तें खरेंच आहे. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, जमिनीच्या पोटांत तेलाचीं मोठमोठीं तळीं आहेत. तसें नाहीं. माठाच्या भाजलेल्या मातींत जसें पाणी मुरलेलें असतें, तसें हें तेल सच्छिद्र खडकाच्या बारीक बारीक छिद्रांत मुरलेलें असतें, व वर घट्ट खडकाचें झांकण असल्यामुळें तेथें अडकून पडतें. ह्याचें उदाहरण आपल्या दाराशींच आहे. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारें १६० किलोमीटरवर समुद्राच्या तळाखालीं १९७४ सालीं ‘सागर सम्राट’ ह्या जहाजावरून वेध घेतांना तेल लागलें व १९७६ सालापासून तें काढलें जाऊं लागलें. त्या क्षेत्राला आपण ‘बॉम्बे हाय’ म्हणत आलों, आणि आतां ‘मुंबई हाय’ म्हणतों. ह्यांतील ‘हाय’ म्हणजे भूगर्भांतील खडकाचा उंचवटा. तेथील तेल मुख्यतः चुनखडीच्या खडकांत मुरलेलें आहे. तेव्हां महाराष्ट्राच्या समुद्रांतून निघणारें तें तेल अक्षरशः रॉकेल, म्हणजे खडकाचें तेल होय. त्या मुलाच्या आजीचें म्हणणें येथेंही खरें ठरतें.

पण तेल खडकांत आहे म्हणजे तें खडकानें केलें असें नव्हे. कोट्यवधि वर्षांपूर्वीं समुद्रांत तरंगणारे अतिसूक्ष्म जीव व वनस्पति मरून तळाच्या चिखलांत गाडले गेले. जेथें प्राणवायु पोहोंचत नव्हता तेथें ते कुजून नाहींसे झाले नाहींत. त्यांवर गाळाचे थर चढत गेले. खोल गेल्यावर पृथ्वीच्या पोटांतील उष्णतेनें, म्हणजे सुमारें ६० ते १२० अंश सेल्सियस इतक्या तापमानांत, त्या अवशेषांचें हळूहळू तेल झालें. म्हणजे ह्या तेलांत सांठलेली शक्ति त्या प्राचीन काळच्या सूर्यप्रकाशाचीच आहे. खडक हा त्याचा बाप नव्हे. तो केवळ तिजोरी आहे.

आणि ह्याच ठिकाणीं ‘ओलियम’ व ‘तेल’ हे शब्द आपल्याला भुलवितात. जैतुनाचें झाड दर हंगामाला फळ देतें. तीळ दर वर्षीं पेरतां येतो. ज्या तेलावरून आपण हे शब्द घेतले तें तेल पीक होतें : यंदाचें संपलें तरी पुढील वर्षाची आशा असे. दहा कुमारींच्या दृष्टांतांतील मूर्ख कुमारींनाही, उशीर झाला तरी, तेल विकणाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग मोकळा होता. आपण तेंच नांव खडकांतील ठेव्याला दिलें आणि नांवाबरोबर पिकाची वृत्तिही त्याला लाविली. जो पूर्वजांचा पुरलेला हंडा आहे तो आपण शेताचें उत्पन्न समजून खर्च करीत आहों. १८५९ सालीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनियांत ड्रेक ह्यानें सुमारें ७० फूट खोल वेध घेऊन तेल काढलें, तेव्हांपासून ह्या उद्योगाला भर आला. कोट्यवधि वर्षांची सांठवण दोनशें वर्षेंही न लोटतां आपण किती जाळली हें पाहिलें म्हणजे मन थक्क होतें. जाळलेला अंगार वायुरूपानें हवेंत सांठून पृथ्वी तापवीत आहे, हें निराळेंच. शिवाय आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलाच्या पांच भागांपैकीं चारांहून अधिक भाग परदेशांतून विकत आणावा लागतो. म्हणजे हंडाही बहुतांशीं दुसऱ्याच्या परसांतला!

माझ्या लहानपणीं रॉकेल रेशनकार्डावर मिळे. निळसर रंगाचें तें तेल आणावयास डबा घेऊन मी रांगेंत उभा राहत असें. वीज गेली म्हणजे आई कंदील लावी, आणि अभ्यास संपून आम्ही नुसते बोलत बसलों कीं लगेच वात खालीं करी. तिला भूगर्भशास्त्राचा गंध नव्हता. परंतु डब्यांत किती उरलें आहे हें तिला ठाऊक असे. आज बहुतेक घरांतून तो कंदील व तो डबा दोन्हीं गेलीं आहेत, व तें एका दृष्टीनें चांगलेंच झालें. त्या धुरानें व भडक्यानें अनेक घरांत दुःखें ओढवलीं. परंतु डब्यांत वांकून पाहण्याची संवयही त्याबरोबर गेली. पेट्रोलपंपावर आपल्याला फक्त रुपयांचा आंकडा दिसतो. तिजोरीचा तळ दिसत नाहीं.

कोणी म्हणेल, “शब्दांचीं मुळें उकरून कोणाचें पोट भरलें आहे? मुलांना वस्तूचे उपयोग समजले म्हणजे पुरे.” मला हें मान्य नाहीं. उपयोग पाठ केले म्हणजे परीक्षा होते. शब्द उघडून पाहिला म्हणजे विचार सुरू होतो. मात्र व्युत्पत्तीच्या नांवाखालीं कोणतीही कहाणी गळीं उतरवून घेऊं नये. आसामांतील दिग्बोई येथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेल लागलें व १९०१ सालीं तेथें तेलशुद्धीचा कारखाना सुरू झाला. हत्तीच्या पायाला लागलेलें तेल पाहून साहेब मजुरावर ‘डिग, बॉय, डिग’ असें ओरडला, म्हणून गांवाचें नांव दिग्बोई पडलें, अशी कथा सर्वत्र सांगतात. कथा गोड आहे. पण गोडी हा पुरावा नव्हे. आग्रिकोलानें पेट्रोलियम शब्द घडविला ही गोष्ट मीही वर्गांत अनेक वर्षें सांगत आलों होतों.

दुसरे कोणी म्हणतील, परकीय शब्द टाकून शुद्ध ‘शिलातैल’ म्हणावें. त्यांना माझें उत्तर असें कीं, लोकांनीं हें काम आपल्या आधींच करून ठेविलें आहे. खोबऱ्याचें तें खोबरेल, एरंडाचें तें एरंडेल; आणि त्याच वळणावर रॉकचें तें रॉकेल. परकी ‘ऑइल’ला आमच्या लोकांनीं एरंडेलाच्या पंक्तीला बसविलें, असें मला वाटतें. असा शब्द पंडितांच्या सभेंत जन्मत नाहीं. तो वाण्याच्या दुकानीं व स्वयंपाकघरांत जन्मतो. त्याला गांवठी म्हणून हिणवूं नये. पेट्रोलियम, खनिज तेल आणि रॉकेल हे तिन्ही शब्द मुलांनीं शिकावे व प्रत्येकाची जागा ओळखावी.

दुसऱ्या दिवशीं मीं वर्गांत माझी चूक सांगितली, त्या मुलाची क्षमा मागितली व त्याचे गुण दुरुस्त केले. वर्ग ह्या वेळीं हंसला नाहीं. शिक्षकाला चूक कबूल करतांना पाहणें हाही एक धडाच आहे, आणि तो पुस्तकांत छापलेला नसतो.

शेवटीं दोन विनंत्या करून लेख पुरा करतों. विद्यार्थ्यांनो, येत्या सुट्टींत घरांतील वडील माणसांच्या तोंडचे दहा जुने शब्द लिहून आणा. त्यांचे अर्थ कोशांत पाहा, आणि कोश कांहींच सांगत नसेल तर प्रामाणिकपणें जागा कोरी ठेवा. आणि पालकहो, मुलगा पेट्रोलचे पैसे मागूं लागला म्हणजे पैसे देण्यापूर्वीं त्याला ह्या शब्दाचा अर्थ एकदां अवश्य विचारा. त्यानें ‘खडकाचें तेल’ असें उत्तर दिलें तर त्याला दुसरा प्रश्न विचारा : तें खडकाला पुन्हां केव्हां येईल? त्याचें उत्तर देतांना जो मुलगा थोडा वेळ थांबेल, त्याला हा शब्द समजला असें मी म्हणेन.